रुमालाचं तिकीट

आमच्या ऑफिसात नवीन माणूस आला की त्याला आधी पाण्याचा माठ दाखवतात आणि मग रुमाल म्हणजे काय ते सांगतात. "कुणाचा रुमाल पडलाय रे?" असं कुणी ओरडलं आणि नवा माणूस वाकून टेबलाखाली बघायला लागला, की समजावं, याला अजून कुणी सांगितलेलं नाही. मग कुणीतरी चहाचा कप बाजूला सारून सांगायला बसतं. सांगणारे तिखटमीठ लावतात, म्हणून म्हटलं, आपणच एकदा सरळ सांगून टाकावं. हा शब्द ज्यांचा, त्या सुमनआक्कांच्या शेजारच्या टेबलावर मी इतकी वर्षं काढली आहेत.

ऑफिस आमचं बीडला. स्टँडच्या मागच्या रस्त्याला, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानावर दोन खोल्या आणि एक केबिन. रस्ते, छोटे पूल, पाण्याच्या टाक्या, पाझर तलाव, असल्या कामांचे नकाशे आम्ही काढतो. नकाशे काढणारी माणसं तेव्हा सात, आणि ज्या सॉफ्टवेअरवर ते काढायचे त्याचे परवाने चार. हे परवाने एकेका कॉम्प्युटरला चिकटलेले नसतात. ते केबिनमधल्या सर्व्हरवर असतात. जो आधी उघडेल त्याला मिळतो, त्यानं बंद केलं की परत सर्व्हरवर जातो आणि दुसऱ्याला मिळतो. चारही वापरात असले की पाचव्याच्या स्क्रीनवर 'परवाना शिल्लक नाही' अशी पाटी येते आणि तो बसतो नखं खात.

हे सगळं बसवायला पुण्याहून कंपनीचा माणूस आला होता, टाय लावून. ऐन उन्हाळ्यात, बीडला, टाय! त्यानं सगळ्यांना गोळा करून सांगितलं की हे परवाने फ्लोटिंग आहेत, म्हणजे तरंगते, आणि साहेबांनी चार सीट घेतल्या आहेत. आक्कांनी 'सीट' हा शब्द ऐकला आणि पुढचं काही ऐकलंच नाही.

"शीट चार," त्या म्हणाल्या, "आन् उभ्यानं किती घ्यायचे?"

टायवाल्याला काही कळेना. आम्ही मात्र खो खो हसलो. आक्का चौसाळ्याच्या पुढच्या एका वस्तीवरून रोज एसटीनं यायच्या आणि एसटीनंच जायच्या. उभ्यानं घेतलेल्या माणसाचं दुःख त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार!

दिसायला आक्का उंच, हाडापेरानं मजबूत. साडी नेहमी फिक्या रंगाची आणि पायात पोरांचे स्पोर्ट शूज. ते शूज बघून साइटवरचे कंत्राटदार आधी हसत, मग त्यांच्यामागं बांधाबांधानं फिरून घामाघूम होत. आवाज असा की खालच्या दुकानातला माणूस वर बघे. "आमी मेंढरामागची माणसं," त्या म्हणायच्या. "हळू बोललं तर मेंढरू ऐकतंय व्हय?" त्यांचे मालक अजूनही मेंढरं घेऊन पार आष्टीच्या पलीकडं जायचे आणि महिनोन्‌महिने तिकडंच असायचे. शेतकरी बोलावतील तिथं मेंढरं बसवायची, शेताला खत झालं की पुढच्या शेतात. असल्या घरातली ही पोर आयटीआयला गेली आणि नकाशे काढायला शिकली. वर्गात बाकी सगळे मुलगे. याबद्दल त्या कधी मोठेपणानं बोलल्या नाहीत. विचारलं तर म्हणत, "गेलते. शिकले. काय त्यात लई?"

त्यांची काम करायची तऱ्हा वेगळी होती. खिडकीजवळ जुन्या काळचा एक उतरता ड्रॉइंग बोर्ड होता. भंगारात काढायचा विषय निघाला की आक्का नुसत्या त्याच्यापुढं जाऊन उभ्या राहायच्या, विषय तिथंच संपायचा. कुठलंही काम आलं की आधी त्या बोर्डावर, जुन्या प्रिंटच्या कोऱ्या बाजूला, पेन्सिलनं. सगळं ठरलं, आकडे बसले, खाडाखोड झाली की मग कॉम्प्युटरवर यायच्या, सॉफ्टवेअर उघडायच्या, भराभरा रेषा मारायच्या आणि बंद करायच्या. बंद करताना खणखणीत ओरडायच्या, "सोडली गं!" ऐकणारा पुरुष असो की बाई, 'गं' ठरलेलं. सोडली म्हणजे शीट सोडली. ज्याला पाहिजे त्यानं घ्यावी.

पाणी प्यायला उठल्या तरी सोडायच्या. घरून फोन आला तरी सोडायच्या. मी एकदा म्हणालो, "आक्का, दोन मिनिटांसाठी कशाला बंद करता? परत मिळायची नाही."

"न्हाई मिळाली तर बोर्ड हाय की मपला," त्या म्हणाल्या. "तू कावून घाबरतो?"

आता मी कशाला घाबरत होतो ते ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. सकाळी आल्या आल्या सॉफ्टवेअर उघडायचं, बंद न करता स्क्रीनच्या खाली दाबून ठेवायचं आणि मग निवांत चहाला जायचं, हा आमचा सगळ्यांचाच धर्म झाला होता. त्यात कैलास म्हणजे महागुरू. कैलास आमच्यातला पुलांचा माणूस, हुशार, पण गुटख्याच्या पुड्या खायची सवय. एकदा चारही शीट भरलेल्या आणि कैलास खाली टपरीवर. आक्का त्याच्या टेबलापाशी गेल्या, कमरेचा रुमाल काढला, चार घड्या केल्या आणि त्याच्या कीबोर्डवर ठेवला. कैलास वर आला.

"आक्का, हा काय?"

"तुपला रुमाल."

"माझा नाही हा."

"तुपलाच हाय. शिटंवर टाकून गेलता की."

त्या दिवसापासून रुमाल हा शब्द सुरू झाला. त्याचं मूळ मात्र एसटीत आहे, आणि ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

चौसाळ्याकडच्या एका टाकीची जागा बघायला आक्कांबरोबर मी निघालो होतो. बीडच्या स्टँडवर गाडी लागायच्या आधी काय झुंबड असते ते बीडच्या माणसाला सांगायला नको. गाडी थांबते न थांबते तोच खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत पडायला लागल्या. आम्ही धक्के खात वर चढलो. एका बाकावर पांढराशुभ्र रुमाल पडलेला. आक्कांनी तो उचलला, झटकला, चार घड्या केल्या आणि कडेवर पोर घेतलेल्या एका बाईला म्हणाल्या, "बस माय." बाई बसली. मागून कडक कपड्यातले एक गृहस्थ आले, पुढारी नसतील पण पुढाऱ्याच्या गाडीत मागं बसणारे नक्की असतील.

"ओ, ती जागा धरलेली आहे."

"कुणी?"

"मी."

"तुमी तर खाली हुता," आक्कांनी रुमाल त्यांच्या हातात दिला. "हितं नुसता रुमाल हुता. रुमालाचं तिकीट हाय का?"

कंडक्टर असा हसला की त्याच्या हातातलं तिकिटाचं मशीन हाललं. गृहस्थ मांजरसुंब्यापर्यंत दांड्याला लोंबकळत आले. आक्काही उभ्याच होत्या, त्यांच्या शेजारी, आणि त्यांच्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारत होत्या, जसं काही झालंच नाही.

उतरल्यावर मी वकिली केली. "आक्का, समजा एखाद्या म्हातारीला चढायला वेळ लागतोय, आणि तिच्या लेकानं रुमाल टाकला, तर?"

त्या थांबल्या. विचार केला. आक्कांचं हे मला आवडायचं, चेष्टेतल्या प्रश्नालाही त्या खरं उत्तर शोधायच्या. मग म्हणाल्या, "मानूस दारात दिसला पायजे. म्हातारी दारात उभी हाय, चढतीया, तर ठीक. मग त्यो रुमाल न्हाई, ती म्हातारीच झाली. मानूसच न्हाई आन् नुसता रुमाल, ते मला खपत न्हाई."

असं सगळं बरं चाललं होतं. लाइट गेली आणि कॉम्प्युटर धाडकन बंद पडले की परवाने आमच्या नावावर अडकून बसायचे, सर्व्हर बंद करून चालू केल्याशिवाय सुटायचे नाहीत. त्या वेळी आक्का मधोमध उभ्या राहून कंडक्टरसारख्या पुकारायच्या, "उतरा, उतरा, समदे उतरा, गाडी फेल झाली!" आणि आम्ही सातही जण खरोखर खुर्च्या सोडून गॅलरीत यायचो. थोरले साहेबही हसत केबिनच्या बाहेर यायचे.

मग थोरल्या साहेबांचे गुडघे गेले आणि ते घरी बसले. धाकटे साहेब पुण्याची नोकरी सोडून आले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. कधी कुणाला अरे-तुरे केलं नाही. पण कामं कमी झाली होती आणि त्यांना कुठंतरी कात्री लावायची होती. त्यांनी सर्व्हरमध्ये बघितलं, तर तिथं सगळी नोंद. कुणी किती तास परवाना वापरला, नावानिशी. त्यांनी सोमवारच्या मीटिंगला ती भिंतीवर दाखवली आणि सांगितलं, एप्रिलपासून चारऐवजी तीनच परवाने घेणार, आणि माणसं सहा ठेवणार. कोण राहील ते काम बघून ठरवू. मार्चअखेरपर्यंतचे तास बघू, दर सोमवारी यादी इथंच दाखवू.

डोकं फिरलं माझं. कारण त्या यादीत सगळ्यात वर कोण, तर कैलास, जो निम्मा दिवस टपरीवर. आणि सगळ्यात खाली कोण, तर आक्का. जी बाई उठताना दर वेळी शीट सोडत होती, तिचेच तास कमी. आक्कांच्या वर लगेच रेश्माचं नाव. रेश्मा आमच्यातली सगळ्यात नवी, पदरात लहान पोरगी, नवरा परळीला, तिला शाळा सुटायच्या वेळेला घरी पळावं लागायचं.

कैलास आणि मी केबिनमध्ये गेलो. खरं सांगतो, कैलास माझ्यापेक्षा जास्त बोलला. "साहेब, माझे तास खोटे आहेत," असं तोंडावर म्हणाला. धाकट्या साहेबांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग मी काय मोजू? मला दुसरं काही मोजता येत नाही हो." आम्ही चहा संपवून बाहेर आलो.

मग सगळे आक्कांच्या मागं लागलो. तुम्हीही उघडं ठेवा. बोर्डावर काम करा, पण इकडं उघडं असू द्या. कुणाचं काय जातंय?

"ज्याला शीट मिळंना त्याचं जातंय," आक्का म्हणाल्या.

"आक्का, नोकरी जाईल."

"जाईल की." मग खिडकीबाहेर बघत, एरवीपेक्षा पुष्कळच हळू आवाजात म्हणाल्या, "जायला नगं वाटतंय रे दिगू. मला घरी बसायचं जमायचं न्हाई. ह्या हाताला दुसरं काय येतंय?" त्यांना इतकं हळू बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

फेब्रुवारी सरता सरता एक गंमत दिसायला लागली. आक्कांचे तास वाढायला लागले. सोमवारच्या भिंतीवर त्यांचं नाव एक घर वर सरकलं आणि रेश्माचं खाली आलं. आम्हाला वाटलं, चला, आक्कांनी ऐकलं एकदाचं. आक्का भिंतीकडं कधी बघायच्याच नाहीत, पाठ करून बसायच्या, त्यामुळं त्यांना काही कळलं नाही.

एके दिवशी दुपारी कैलासला एका पुलाचा नकाशा तातडीनं पाठवायचा होता. समोरून फोनवर फोन. त्यानं सॉफ्टवेअर उघडलं तर 'परवाना शिल्लक नाही'. तो ओरडला, "कुणाचा रुमाल पडलाय रे?" सगळे आपापल्या स्क्रीनकडं. कैलास केबिनमध्ये जाऊन सर्व्हरवर चार नावं वाचून आला, आणि खुर्ची ओढून नुसता बसला.

"सांग की बे, कुणाचाय?" आक्का बोर्डावरून ओरडल्या. हातात पेन्सिल, पाठ आमच्याकडं.

"तुमचा, आक्का."

"मपला? मी तर हितं हाय!"

त्या आल्या, आपल्या कॉम्प्युटरपुढं वाकल्या. सॉफ्टवेअर खाली दाबून ठेवलेलं होतं, उघडं. आक्कांनी ते बंद केलं. "सोडली," म्हणाल्या, पण ओरडून नाही. कैलासकडं बघितलं, "घे, तुपला पूल कर." मग आमच्याकडं वळल्या. "कुणी केलं ह्ये?"

रेश्मा उभी राहिली. "मी. रोज करत होते. तुम्ही बोर्डवर गेलात की उघडायचे, तुम्ही परत यायच्या आत बंद करायचे."

"कावून?"

"तुमच्यासाठी, आक्का."

"मपलं नाव वर गेलं तर खाली कुणाचं येतंय, ठाव हाय का तुला?"

"हाय," रेश्मा म्हणाली आणि रडायला लागली.

 मला वाटलं आता आक्का कडाडणार. पण त्यांनी तिला जवळ ओढलं, तिचं डोकं आपल्या खांद्यावर दाबलं आणि म्हणाल्या, "येडी का खुळी तू, माय! अगं तू दारात उभी हायेस. तुज्या जागंवर मपला रुमाल टाकती व्हय?" पदरानं तिचे डोळे पुसले, आणि तशाच केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं, आम्ही सगळं ऐकलं.

"साहेब, ह्या महिन्याचे मपले तास लबाड हाईत. काढून टाका."

"आक्का, बसा ना."

"बसत न्हाई. काढा."

"काढले तर तुमचं नाव शेवटी येतं. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

"मग तुम्ही बोर्डावर असताना इकडं उघडं का नाही ठेवत? बाकी सगळे ठेवतात. मला माहीत आहे ते." धाकट्या साहेबांचा आवाज चढलेला नव्हता, उलट काकुळतीला आला होता.

"आमाला जागा धरून ठिवायचं वळणच न्हाई, साहेब," आक्का म्हणाल्या. "मेंढरं बसली, उठली, पुढं गेली. मागं जागा दुसऱ्याची. आता ह्या वयात कुठं शिकू?"

साहेबांनी तास काढले. सोमवारी भिंतीवर आक्कांचं नाव सगळ्यात खाली होतं आणि त्याच्या वर रेश्माचं. त्या दिवशी मात्र आक्कांनी वळून भिंतीकडं नीट बघितलं, चष्मा लावून, आणि समाधानानं मान डोलावली.

आज आमच्याकडं तीन परवाने आणि सहा माणसं आहेत, आणि विश्वास ठेवा, पाटी क्वचित येते. जो उठतो तो सोडून उठतो. सगळ्यांचेच तास इतके खाली आले की त्या भिंतीवरच्या यादीतून धाकट्या साहेबांना काही कळेनासं झालं. दोन-तीन महिन्यांत त्यांनी ती दाखवणंच बंद केलं. खिडकीजवळचा बोर्ड मात्र आहे तिथंच आहे.

पण मला सांगायचाय तो मार्चचा शेवटचा दिवस. संध्याकाळी आक्कांनी हातातलं काम पुरं केलं आणि सॉफ्टवेअर बंद केलं. आम्ही सगळे कान देऊन बसलो होतो. त्या 'सोडली' म्हणाल्याच नाहीत. गुपचूप पिशवी उचलली, शूजची नाडी बांधली, साहेबांना नमस्कार केला आणि जिना उतरल्या. आम्ही सगळे स्टँडपर्यंत गेलो. रेश्मानं पोरीला शेजारणीकडं ठेवलं होतं.

चौसाळ्याची गाडी आली आणि नेहमीची झुंबड उडाली. आक्का दाराच्या गर्दीत शिरल्या. तेवढ्यात कैलास धावला, गाडीबरोबर चार पावलं पळाला आणि खिडकीतून आपला चौकड्याचा रुमाल आत फेकला. नेम धरून, पुढच्याच बाकावर. "कैल्या, अरे!" मी ओरडलो, पण रुमाल गेला होता.

आक्का वर आल्या. बाकावरचा रुमाल बघितला. उचलला, झटकला, चार घड्या केल्या. आम्ही खाली उभे. आता हा रुमाल खिडकीतून परत येणार, आणि वर प्रश्नही येणार, तिकिटाचा.

"आक्का," कैलास खालून म्हणाला, "माणूस दारात होता."

आक्कांनी त्याच्याकडं बघितलं. मग त्या बसल्या. इतक्या वर्षांत त्यांना एसटीत बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पिशवी मांडीवर घेतली आणि घडी केलेला रुमाल मुठीत तसाच ठेवला. गाडीनं रिव्हर्स घेतला, कंडक्टरनं दोनदा घंटी मारली, आणि गाडी फाटकाकडं वळता वळता खिडकीतून तो आवाज आला, मेंढरांना पुकारायचा, अख्ख्या स्टँडनं वळून बघावं असा.

"सोडली गं, रेश्मा!"

रेश्मा हात वर करून उभी राहिली, गाडी दिसेनाशी होईपर्यंत. कैलासनं डोळे पुसायला खिशात हात घातला, या खिशात बघितलं, त्या खिशात बघितलं, आणि शेवटी बाहीनंच पुसले.